उष्टावणाआधी

सोमवार
सगळ्यात आधी आली ती चष्मेवाली बाई, तिच्यामागे बर्फाची पेटी उचलून दोन गडी. मी बोदवडहून चोपड्याला लेकाकडे येऊन पिशवी टेकवते न टेकवते, तर हे पाहुणे! माझा प्रेमराज केळीच्या बागेमागे शेळीची करडं पाळतो. नुसती दुधावरची. पाल्याला तोंड लागू नये म्हणून बठ्ठ्यांना, एकूणएक करडाला, मुसकी बांधलेली. बाई म्हणे, दूधपित्या करडाच्या जिभेमागच्या गाठींत एन्झाईम की काय असतं, लाळेत उतरतं, त्यानं चीजला वास येतो. पाला खाल्ला की जोर गेला. मी म्हटलं, आमच्या जुळ्या नातवांची लाळ बघा, झबली पिळावी लागतात! सगळे हसले. सून रूपाली तेवढी हसली नाही. बाईनं विचारलं, उष्टावण झालं का? मी म्हटलं, कुठलं! मामा धुळ्याहून येईल तेव्हा पहिला भात भरवेल.

मंगळवार
दोघांना मीच न्हाऊ घातलं. इतके सारखे, की आईसुद्धा फसते. आज एका करडाचं मुसकं सुटलं, पाला चघळला त्यानं. बाईनं त्याच्या तोंडात बोट घातलं, हुंगलं, लाथेनं दूर केलं. वाचलं बिचारं. बाकीची कापून गाठी पेटीत गेल्या. मग ओसरीवर येऊन नातवांच्या तोंडात बोट घातलं तिनं. हुंगलं. डोळे मिटून घेतले.

बुधवार
शेजारच्या लोटनकडे पाळणा आहे, पोर नाही. रूपाली रडत म्हणाली, त्यांनीही मामाची वाट पाहिली होती. प्रेमराजनं मामाला फोन केला, येऊ नको म्हणून. माझाही फोन काढून घेतला. म्हणतो, आई, या पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही.

गुरुवार
प्रेमराज बागेत गेला तशी रूपाली दाराशी उभी राहिली. मी भात कुस्करला. पाट नाही, मामा नाही. एकाला भरवलं, पाळण्यात ठेवलं, दुसऱ्याला उचललं. तो तोंड फिरवत होता, पोट भरल्यासारखा. तरी कोंबला. सुटले दोघं.

शुक्रवार
बाईनं बोट हुंगलं. एकाला ढकलून दिलं. दुसऱ्याचं हुंगून हसली —
देवा, मी एकालाच दोनदा —

शनिवार
तो दुसरा नातू करडांच्या गोठ्यात. बाहेरून कुलूप. फटीतून दिसतो. तोंडाला इवलंसं मुसकं. प्रेमराजनंच विणलं. लाळ गळतेय त्यातून. भाताची वाटी माझ्या हातात — फटीतून हात जात नाही — मला ओळखून हसतोय —
पाहुणे सांगून गेलेत, सोमवारी पेटी घेऊन —