दोन पाद्र्यांची लोंबी

ठाणे, आश्विन शुद्ध तृतीया, दिवेलागण

विलायतेत पुन्हा सरकार पडलं. शेजारच्या पास्कूच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचून दाखवता दाखवता मी नेहमीसारखा तापलो. लिबरल जावोत, टोरी येवोत, आमच्या खाडीतल्या मिठावरचा कर काही हलत नाही! मग कोण आलं याचा मला एवढा उत्साह का, देव जाणे.

पास्कू हसला. "मास्तर, आमच्या किरिस्तावांत पन तेच हाय. एक देऊळ गोव्याच्या बिशपाचं, दुसरं मुंबईच्या. सासरा तिकडं, मी इकडं. बोलनंच बंद."

तेवढ्यात त्याची बायको मारी नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आली. पहिलं पीक पाद्र्याच्या आशीर्वादाशिवाय ते घरात घेत नाहीत.

"कुठल्या पाद्र्याकडं गेलतीस?" पास्कूने डोळे वटारले.

"दोघांकडं. आदी तुमच्या, मंग बाबांच्या. आनि रविवारी बाबा जेवायला येतात."

पास्कूचे वटारलेले डोळे लोंब्यांवर उतरले! मी वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसलो.

त्यातली एक लोंबी मारीने आमच्या हिला दिली. नवरात्रात दारावर नवं भात शुभ, म्हणून हिने ती लगेच बांधली. माझ्यासारख्या सोवळ्या भटाच्या दारावर दोन पाद्र्यांची लोंबी डुलते आहे, आणि विलायतेत कोण आलं ते वाचायचं राहूनच गेलं.