नळीच्या दुसऱ्या टोकाला

मितिलिनी, ग्रीस,
मंगळवार, १९ मे

प्रिय दादा,

तू बरा असशील, वहिनी आणि पोरं मजेत असतील. तुमच्या मेलबर्नला आता थंडी लागली असेल. इथे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण शिडी दिसली की लगेच बरा होतो. आईनं लावलेल्या लिंबाला यंदा इतकी फुलं आलीत की दुकानाचं दार उघडलं की वासानंच डोळे मिटतात. मग मी पाच मिनिटं तिथेच उभी. बाबा आतून ओरडतात, "उभ्याउभ्या झोपलीस का गं?" माझी ती सवय काही गेलेली नाही.

तू तिथे बसवलेल्या फरशांचे फोटो पाहिले. रेघ कशी सरळ आलीय! तुझा हात पहिल्यापासूनच सरळ.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर आपण हवामानावर बोलतो. तू विचारतोस, सगळं ठीक ना, मी म्हणते ठीक, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली.

तर मुख्य बातमी. येत्या शुक्रवारी बाबा दुकान माझ्या नावावर करताहेत. नोटरीकडे अकराची वेळ घेतलीय. पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय, 'इग्नातिस आणि कन्या, वातानुकूलन'. प्रोकोपिसच्या कॉफीच्या दुकानात ते रोज सगळ्यांना ऐकवतात, "माझ्या पोरीनं जोडलेल्या नळीचा कुठलाही सांधा कापा. आत आरसा दिसेल, आरसा!" लोक कौतुकानं माझ्याकडे बघतात. मी कपाच्या तळाशी साचलेल्या कॉफीकडे बघत बसते.

सध्या डॉ. लेफ्तेरिस म्हणून एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या नव्या दुमजली दवाखान्याचं काम चालू आहे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "नळ्या जोडायच्या तर जोडा ना आगीनं. हे नायट्रोजनचं सिलिंडर कशाला?" बाबांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, "डॉक्टर, तांबं लाल झालं की आतली हवा त्याला काळं करते. वरून तुम्हाला काही दिसणार नाही. वर्षभरानं त्या काळ्याचे पापुद्रे सुटतात आणि मशीनच्या सगळ्यात बारीक भोकात जाऊन बसतात. मशीन खलास. म्हणून आधी हा गॅस हळूच आत सोडायचा, हवेला दुसऱ्या टोकानं घालवून द्यायचं आणि मग ज्योत लावायची. तुम्ही दात भरण्याआधी किडलेलं काढता की नाही?"

आपली पद्धत अजून तीच आहे. एकजण ज्योतीपाशी, दुसरा नळीच्या दुसऱ्या टोकाला गाल ओला करून. ओल्या गालाला गारवा लागला की गॅस पोहोचला. खालून हाक, "श्वास?" वरून उत्तर, "श्वास!" लोकांनी त्यासाठी मीटर घेतलेत. बाबा म्हणतात, गाल फुकट मिळतो.

फक्त मी एक नवीन खूळ काढलंय. वरून "श्वास!" ऐकू आलं तरी मी ज्योत खाली ठेवते, शिडी चढते, स्वतः गाल लावून बघते, आणि मगच काम सुरू करते. प्रत्येक सांध्याला. बाजारात मला मांजर म्हणतात, सारखी वरखाली करते म्हणून. नऊ वर्षांत बाबांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटतं, पोरगी काटेकोर आहे.

दादा, टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचं काम आठवतं तुला? कसला प्रश्न विचारतेय मी.

सकाळी तू जाड नळी जोडलीस. मी गच्चीवर टोकापाशी आडवी होते. गालावर तो गार श्वास येत होता, अगदी हळू, शेजारी कुणी शांत झोपलं असावं तसा. खाली समुद्र, समोर पलीकडच्या किनाऱ्याचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे. एक जहाज निघालं होतं आणि मनानं मी त्यावर होते. मी बावीस वर्षांची होते आणि रोजच कुठल्या ना कुठल्या जहाजावर असायचे. जेवण झालं. दुपारी तू बारीक नळीला लागलास. खालून विचारलंस, "श्वास?" माझे डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "श्वास!"

थोड्या वेळानं तू पुन्हा विचारलंस. "मिर्सिनी, सांध्यावर वितळलेली सळई बुडबुडतेय बघ. नीट बघ, येतोय ना?" मी म्हणाले, "येतोय रे!" तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी चिडले. "येतोय म्हणून सांगितलं ना! किती छळशील?"

संध्याकाळी उठले तेव्हा दिसलं. बारीक नळीच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी तशीच होती, कारखान्यातून येते ती. ती काढायची हे माझं काम होतं. गॅसला बाहेर पडायला वाटच नव्हती. सगळी हवा आतच राहिली होती आणि तू दुपारभर तिच्यावर ज्योत धरली होतीस.

मी टोपी काढली आणि खिशात घातली. खाली आले. तू घामानं निथळत होतास. म्हणालास, "झालं एकदाचं, चल." तेव्हा सांगितलं असतं तर दोन तासांचं काम होतं. कापून पुन्हा जोडलं असतं आपण. मी गाडीत बसले.

पुढच्या जुलैचं मी तुला काय सांगू. मशीन बंद पडलं त्या दिवशी चव्वेचाळीस अंश होतं. एकोणीस म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचलून चर्चच्या सभागृहात नेलं. त्यांतल्या एव्हान्थियाबाई आठ दिवस इस्पितळात होत्या. बाबांनी अंगणात सगळ्यांसमोर नळी करवतीनं कापली आणि पांढऱ्या फरशीवर आपटली. काळा भुगा पडला. तू म्हणालास, "गॅस चालू होता, बाबा." ते म्हणाले, "सिलिंडर जवळजवळ भरलेलं परत आलं होतं. मग गॅस सोडलास कधी? कंजूषपणा केलास की आळस? ज्योत खाली ठेव. तुझ्या हातात ती शोभत नाही."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. तीनदा विचारलं होतंस, ते तुला आठवत असणार. पण तू माझं नाव घेतलं नाहीस. डिसेंबरात तू गेलास, आणि त्यानंतर ज्योत हातात धरली नाहीस असं वहिनीनं सांगितलं.

एवढं लिहिलं. आता हात थांबतोय. शुक्रवारच्या आत बाबांना सांगणार आहे. सांगितलं नाही तर हे पत्रही टाकणार नाही. नुसतं तुला चोरून कळवलं तर ते दुसऱ्यांदा गाडीत बसण्यासारखंच होईल.

गुरुवार, २१ मे

सांगितलं.

काल डॉक्टरांच्या गच्चीवर बाबा टोकाला बसले होते. "श्वास!" म्हणून ओरडले. मी नेहमीप्रमाणे ज्योत ठेवली आणि वर चढले. काल मात्र ते चिडले. "बापाच्या शब्दावरसुद्धा भरवसा नाही का गं तुझा?"

मी म्हणाले, "तुमच्यावर आहे. वरून ओरडणाऱ्यावर नाही. मी वरून खोटं ओरडले होते, बाबा." आणि मग सगळं सांगितलं, तुला लिहिलंय तसंच.

त्यांनी ओला गाल बाहीनं पुसला. मग विचारलं, "टोपी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी."

"आणि तो विचारत होता?"

"तीनदा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंही होतं. ते नुसते उठले, शिडी उतरले, खाली माझी ज्योत उचलली आणि ओरडले, "गालाला पाणी लाव. आणि खरं सांग."

उरलेले अकरा सांधे त्यांनी मारले. एकेका सांध्याला वेळ लागत होता. प्रत्येक वेळी खालून "श्वास?" आणि मी गाल लावून, गारवा लागेपर्यंत थांबून, "श्वास." त्यांनी एकही सांधा विचारल्याशिवाय मारला नाही.

संध्याकाळी ते कोट घालून प्रोकोपिसकडे गेले. मला म्हणाले, तू पण चल. सगळे नेहमीचे बसले होते. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "वृद्धाश्रमाचा तो सांधा. माझ्या स्त्रातीची चूक नव्हती. टोपी राहिली होती, हिच्याकडून. आणि त्याला कामचोर ठरवलं मी."

मग प्रोकोपिस म्हणाला, "अरे इग्नातिस, हे नऊ वर्षांनी होय?"

"नऊ वर्षं मीच बडबडत होतो ना इथे," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं ऐकायला सवड कुठे होती?"

घरी येताना ते माझ्या पुढे चालत होते. रात्री जेवताना पाव माझ्याकडे सरकवला, पण बघितलं नाही. आज सकाळी नोटरीला फोन करून उद्याची वेळ रद्द केली. पाटीवाल्याला म्हणाले, "नावं नंतर सांगतो. आधी एकाला विचारायचंय." मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगू, नऊ वर्षांत पहिल्यांदा मी आज दुकानाच्या दारात डोळे मिटून उभी राहिले आणि कुठेच गेले नाही. इथेच होते.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मी त्या गाडीतच घालवला. तू गप्प राहून मला वाचवलंस आणि मी नऊ वर्षं त्यावर फुकट जगले, हे तुला माझ्याच हातानं लिहिलेलं मिळावं, एवढंच. वहिनीला वाचून दाखव. पोरांनाही, मोठी झाली की. त्यांच्या बापाचे सांधे चांगले होते.

खाली बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत. एक तास पेन घेऊन बसलेत. मी आत जाते.

तुझी बहीण, तू म्हणू देशील तर,
मिर्सिनी

स्त्राती,
तू सांगत होतास, गॅस चालू होता. मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. आता बोल. मनात असेल ते सगळं बोल, शिव्याही दे. मी मध्ये तोंड उघडणार नाही.
बाबा