ह्यांचा गाल, अप्पांची दाढी

४ मार्च

नाही म्हणजे नाही! आज अप्पांनी ट्रिमर भिंतीवर फेकला. डाव्या हाताने! उजवा लुळा पडल्यापासून डाव्यात कसला जोर आलाय देव जाणे.

सलूनवाले काका रोज सकाळी अप्पांच्या घरी येऊन वस्तऱ्याने त्यांची दाढी करायचे. काका लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि इथे अप्पांची दाढी माजली. खाजवून खाजवून हनुवटीखाली लाल चट्टे. डॉक्टर म्हणाले, "उतरवा ही, नाहीतर पिकेल." पण दुसरा न्हावी नको, मशीन नको. मी करते म्हटलं तर — "तू कपडे शिव. आधी नवऱ्यावर हात चालव. जावयाचा गाल बघू, मग बोलू." मला कटवायला म्हणाले, कळतं मला!

५ मार्च

करणारच.

७ मार्च

काकांनी फोनवर सांगितलं, आधी फुग्यावर शीक. फुगा फुगवला, फेस फासला, काका मागे ठेवून गेलेला वस्तरा हातात धरला — फट्! दुसराही फट्! तोंडभर साबण. हे दाराआडून म्हणतात, "माझा गाल फुटला तर एवढा आवाज येईल का गं?" हसू आलं.

९ मार्च

शेवटी हे बसले खुर्चीत. आंधळं प्रेम म्हणायचं की काय! मी गाल ताणला, टेबलावर कापड ताणते तसा, चांगला घट्ट. वस्तरा खाली फिरवला, मग उलटा वर. एकदा, दोनदा. काय गुळगुळीत! स्वतःवरच खूश होऊन वासाचं लोशन ओतलं आणि चापट्या मारल्या.

"अगं, पेटलो!" खुर्चीतून थेट नळाखाली!

संध्याकाळपर्यंत गालभर लाल पुटकुळ्या. कामावर तोंडाला रुमाल बांधून जाईन म्हणाले.

१० मार्च

काकांना पुन्हा फोन. आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "तुझा हात शिवणकामाचा. ताणलेलं कापड सोडलं तरी गप्प पडून राहतं. कातडी परत मागे येते, कापलेला केस आत ओढला जातो आणि तिथेच पुटकुळी येते." म्हणजे बोटाने नुसता आधार द्यायचा. आधी कोमट टॉवेल, जरा वेळ. केस वाढतात त्याच दिशेने वस्तरा. मग गार पाणी, ओली तुरटी हलकेच फिरवून पुन्हा धुवायचं, टिपायचं — पुसायचं नाही! वर कोरफडीचा गर, अगदी पातळ. आणि लाली जाईपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही.

शेवटी म्हणाले, "मानेपाशी आलीस की अप्पा बोलायला लागतील. वस्तरा उचलायचा, हं म्हणायचं. मनातलं बोलून झालं की मान सैल सोडतात."

बोलतात? अप्पा? माझ्याशी म्हणजे 'गोळी दे', 'पंखा बंद कर'. काका दाढी करायचे तेव्हा बंद दारामागून नुसती कुजबुज यायची. काय बोलायचे हो, विचारलं. "खुर्चीतलं खुर्चीत," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला इतकी वर्षं नुसता पंखा! लागलंच ते मनाला.

१२ मार्च

कोरफड. गार पाणी. कोरफड. लाली हटत नाही. मला दम निघत नाही. शिवताना बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली!

१३ मार्च

नाहीच धीर धरवला. अप्पा मान खाजवताना दिसले आणि घरी येऊन ह्यांना तशाच अर्धवट बऱ्या झालेल्या गालाने बसवलं. जबड्याच्या वळणावर कापलं. रक्त!

हे कधी चिडत नाहीत. आज चिडले. "बापाचा राग माझ्या तोंडावर काढतेस का?"

गार पाण्याची घडी धरून बसले गालावर. रडले. मग तेच म्हणाले, "दाब जरा हळू, आता तुझी घडीही टोचतेय." कसला माणूस आहे हा!

१७ मार्च

वस्तरा कपाटात. हात शिवशिवतो. कोरफडीची कुंडी बोडकी व्हायला आली. पण पुटकुळ्या बसल्या.

२१ मार्च

आज जमलं! हलक्या हाताने, एकाच दिशेने. लाली नाही, आग नाही. ह्यांना तसंच उचलून अप्पांकडे नेलं. अप्पांनी डाव्या हाताचा अंगठा फिरवला — गालावर, जबड्यावर, कानाजवळ. कपडा पारखतात तसा!

"कानापाशी राहिलेत थोडे." मग अंगठा पुन्हा एकदा फिरवून, "उद्या ये."

अप्पांची कातडी पातळ, वर ते चट्टे. माझ्या हातून कापलं तर? पुन्हा कधी जवळ येऊ देणार नाहीत.

२२ मार्च

झाली! कुठेही कापलं नाही.

मानेपाशी आले तेव्हा अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "काय दोस्त, लेक फार दमते हो माझी." मी गारच पडले. मला काकाच समजले की काय! डोकं फिरलं का अप्पांचं? वस्तरा उचलला. "हं," म्हटलं.

"तोंडावर बोलायला जमत नाही मला. पण ती आहे म्हणून मी आहे."

"हं."

मान सैल सोडली त्यांनी. चट्ट्यांना वळसा घालून उरलेलं पुरं केलं. गार पाणी, तुरटी, पुन्हा पाणी. डॉक्टरांच्या मलमाची ट्यूब उघडत होते, तर डोळे न उघडताच म्हणाले,

"ते मागाहून. आधी नवऱ्याला लावतेस ती कोरफड लाव."