डबा वाजत नाही

२४ सप्टेंबर १९६१, रविवार. अकोला.

आज भाद्रपद पौर्णिमा. भुलाबाई बसली. धाकट्या सिंधूने कोनाड्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडले, झेंडू वाहिला. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर गाणी म्हणत फिरणार आणि प्रत्येक घरी झाकलेला डबा वाजवून, हुंगून आतला खाऊ ओळखणार. ओळखला तर घर हरलं, नाही ओळखला तर घर जिंकलं. खायला दोन्ही वेळा मिळतं.

मी जूनमध्ये बी.ए. झाले. घरातली पहिली पदवीधर. बाबा प्राथमिक शाळेचे हेडमास्तर, पण कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलं. या शिक्षणाचा घराला उपयोग काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर कढईत सापडलं. आमच्याकडे तेल फार. भाजीवर तर्री तरंगली नाही तर आईला भाजी केल्यासारखं वाटत नाही. अमरावतीला कॉलेजात एका डॉक्टरीणबाईंची समतोल आहारावर तीन व्याख्यानं झाली होती. त्यातली दोन मी ऐकली. (तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं होतं. होस्टेलची भजी.)

संकल्प : उद्यापासून स्वयंपाक माझ्याकडे. तळण बंद. तिखट नावापुरतं. भुलाबाईचा खाऊसुद्धा सायंटिफिक.

सिंधूची यंदा एकच इच्छा आहे. कोजागिरीचा शेवटचा मोठा खाऊ आमच्या अंगणात व्हावा. तो मान दरवर्षी वकिलांच्या घरी जातो. कुठे करायचा हे मुली दसऱ्याला ठरवतात. सिंधूने त्यासाठी भुलाबाईला नवस बोललाय, चिंचा सोडल्यात. अकरा वर्षांच्या मुलीने चिंचा सोडणं म्हणजे काय ते मला कळतं. मी वचन दिलं की यंदा कोजागिरी आपल्याकडेच. ग्रॅज्युएट बहीण असते कशासाठी?

त्या दिवशी मुलींच्या आयाही येतात. त्यांच्यापुढे 'आपला आहार' यावर थोडं बोलेन. वीस मिनिटं. फार तर चाळीस.

२६ सप्टेंबर

पहिला विजय! खाऊ : मोड आलेले मूग, उकडून. मीठ नाही, कारण मीठ मुळात असतंच. मुलींनी डबा हलवला. आवाज नाही. हुंगला. वास नाही. कुणालाही ओळखता आलं नाही. आपण जिंकलो!

देवमनकाकांची चंद्रकला (काका एस.टी.चे ड्रायव्हर, ही मुलींची पुढारी) घास तोंडात धरून बराच वेळ विचार करत होती. मुलांना विचार करायला लावणं हेच शिक्षण.

आई म्हणाली की थोडी मोहरी तडतडवू का. मी ठाम नाही म्हटलं.

२९ सप्टेंबर

दर्यापूरहून पंचफुला आत्या आली. बाबांची थोरली बहीण. जिभेला लगाम नाही. ताटाकडे बघून म्हणाली, "मूग मऊ झाले वं विमल, पण मीठ कुठी गेलं?" मी तिला मिनरल्सबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "हे खाऊन माणूस जगते, मान्य. पण काहून जगते?"

प्रश्न तात्त्विक आहे. पुस्तकात बघायला हवं.

आत्याच्या गाठोड्यात वाळवणाच्या खारोड्या, तिखट शेव आणि तिळाची चटणी निघाली. जप्त केली. माझ्या खाटेखाली ठेवली आहे. तिथे सुरक्षित राहील.

३० सप्टेंबर

शेव खरंच तेलकट आहे का, याची खात्री करून घेतली. आहे.

१ ऑक्टोबर

पुन्हा खात्री केली. एकाच प्रयोगावर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.

४ ऑक्टोबर, बुधवार

खाऊ : ज्वारीच्या कण्या आणि उकडलेला भोपळा, एकत्र घोटून. डबा वाजत नाही, ही माझ्या पदार्थांची खासियत ठरत चालली आहे. मुली विचारतात, गोड का तिखट? दोन्ही नाही! बिचाऱ्या पहिल्याच प्रश्नाला अडतात. चंद्रकलाने आज डबा न उघडताच सांगितलं, "ताई, आमी हरलो. तुमी जिंकल्या. जाऊ का आता?" असा खिलाडूपणा आमच्या लहानपणी नव्हता.

खाऊ मात्र सगळा संपला. कण उरला नाही. मुली द्रोण घेऊन फाटकाबाहेर जातात आणि रिकामे द्रोण घेऊन येतात. शेजारच्या नत्थुजींची बकरी संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहते. तिलाही गाण्यांची गोडी लागलेली दिसते.

६ ऑक्टोबर

बाबांचा पट्टा एक भोक आत गेला. प्रोग्रेस!

हल्ली ते दुपारी जेवायला येत नाहीत. शाळेत तपासणी आहे म्हणे. संध्याकाळी येतात तेव्हा मिशीला कांद्याचा वास असतो. तपासणी अधिकारी कांदा खात असावेत.

८ ऑक्टोबर

आज मुली कमी. ऋतू बदलतोय, सर्दीपडसं असणार. 'सी' व्हिटॅमिन कमी पडतंय. मी आहे म्हणून बरं.

सिंधू म्हणाली, "ताई, एक दिवस, फक्त एक दिवस आईले करू दे ना." मी तिला जवळ घेऊन सांगितलं की सुधारकांना सुरुवातीला घरातूनच विरोध होतो. ती म्हणाली, "मले सुधारक नाई पायजे, मले कोजागिरी पायजे." दोन्ही एकच आहे हे तिला अजून कळत नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार. घटस्थापना.

लोकांच्या आवडीचा आदर करायचा, असं ठरवून आज चवदार पदार्थ केला. आम्ही वऱ्हाडात ज्याला सांभार म्हणतो त्याला प्रमाण मराठीत कोथिंबीर म्हणतात. हे मला होस्टेलमध्ये पुण्याची हेमलता राहायला आली तेव्हा समजलं. मी तिला भाजीत सांभार घाल म्हटलं, तर ती मद्राशी आमटी शोधत बसली. तेव्हापासून मी कोथिंबीरच म्हणते. घरात कुणी म्हणत नाही.

तर आज बेसनात कोथिंबीर घालून, वाफवून, वड्या पाडल्या. तळल्या नाहीत.

मुली आल्या. चंद्रकलाने डबा नाकाशी धरला मात्र, उडीच मारली. "सांभारवडी!" सगळ्या ओरडल्या, "सांभारवडी! सांभारवडी! ओळखलं!" सिंधू तर हरल्याच्या आनंदाने टाळ्या वाजवायला लागली.

मी शांतपणे म्हटलं, चूक.

मी झाकण काढून दाखवलं. ही कोथिंबीरवडी. सांभारवडी वेगळी, ती पारीत गुंडाळून तळतात. ही उकडलेली, आणि हिचं शुद्ध नाव कोथिंबीरवडी. म्हणून आपण जिंकलो.

चंद्रकला म्हणाली, "यात सांभार हाय का नाई?" मी म्हटलं, कोथिंबीर आहे. ती म्हणाली, "हिरवा हिरवा दिसून राह्यला तो कोन व्हय मंग?" मी म्हटलं, कोथिंबीर. ती म्हणाली, "चला वं पोरीहो."

द्रोण तसेच राहिले. पण एक शब्द त्या घेऊन गेल्या, हेही थोडं नव्हे.

११ ऑक्टोबर

आज कुणीच आलं नाही. नवरात्रात घरोघरी कामं असतात.

१२ ऑक्टोबर

आज पण कामं असावीत. वकिलांच्या अंगणातून टिपऱ्या ऐकू येत होत्या. सिंधूने एकटीने भुलाबाईपुढे गाणं म्हटलं. दुसरं कडवं पूर्ण झालं नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. गल्लीत बोलवा अशी की विमलताई खोटं खेळते.

मला वाईट वाटलं. म्हणजे भाषेच्या प्रश्नाबद्दल.

१३ ऑक्टोबर

स्वतः चंद्रकलाच्या घरी गेले. मुलीशी प्रमाणभाषेवर समोरासमोर चर्चा करायची होती. ती न्हाणीत लपून बसली. तिची आई माणिकबाई चुलीपुढे होती. रोडगे भाजले होते आणि वांग्याची भाजी. लाल तर्री, बोटभर. म्हणाल्या, "बसा बाई, दोन घास खा. मास्तरबी आत्ताच जेवून गेले." कोणते मास्तर ते विचारायचं राहून गेलं. नाही म्हणणं असंस्कृतपणाचं झालं असतं. रोडगे तुपात बुडवून खाल्ले. समाज समजून घ्यायचा तर त्याच्या ताटावर बसावं लागतं. मी बराच वेळ समाज समजून घेतला.

चर्चा झाली नाही.

१६ ऑक्टोबर

पोटात जळजळ. काल घरी फक्त दुधी खाल्ला होता, म्हणजे दोष दुधीचा. चौकशी करायला हवी.

१९ ऑक्टोबर, दसरा

सोन्यासारखा दिवस!! मुलींनी ठरवलं : कोजागिरी आमच्याकडे! सिंधू धावत आली, मला मिठी मारली, आणि का कोण जाणे रडली. मग चिंचेचा गोळा तोंडात टाकून पळाली. शेवटी विचार जिंकतो. दहा दिवस विरोध, मग मौन, मग स्वीकार. सगळ्या चळवळींत असंच होतं.

मेनू ठरला : उकडलेली रताळी, कच्च्या मुळ्याची कोशिंबीर, मूग, घोटलेल्या कण्या, आणि सरप्राइज म्हणून पालकाचा रस.

२१ ऑक्टोबर

बाबा म्हणाले, सोमवारी अमरावतीला जाऊन कॉलेजातून तुझा दाखला घेऊन ये. मी म्हटलं, सोमवारी तर कोजागिरी. ते म्हणाले, पुढे ऑफिसला दिवाळीची सुट्टी लागेल. सुट्टीला अजून पंधरवडा आहे, पण बाबांना माझ्या करिअरची घाई झाली आहे, हे पाहून भरून आलं. आई म्हणाली, मैत्रिणीकडे मुक्कामच कर. आत्याने स्वतः माझी पिशवी भरली. सिंधूने चपला पुसून ठेवल्या. एवढं प्रेम या घरात मी आधी पाहिलं नव्हतं.

मेनू आईला दोनदा समजावला. तिने दोनदा मान डोलावली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ.

कालचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळच्या गाडीने निघाले. देवमनकाकाच ड्रायव्हर. मूर्तिजापूरच्या स्टँडवर अचानक आठवलं : मूग भिजवायला सांगायचेच राहिले! मी उतरले. दाखला काय, कधीही मिळेल. देवमनकाका खिडकीतून अर्धे बाहेर आले. "बाई, मांगं फिरू नका. तुमाले पाया पडतो. कॉलेजच्या फाटकापर्यंत गाडी नेतो वाटलं तर, पन अमरावतीलेच चला." पदवीबद्दल साध्या माणसाला किती आदर असतो! मी त्यांना नमस्कार केला आणि परतीच्या गाडीची वाट बघत बसले. गाडीला फार उशीर झाला. स्टँडवर गरम भजी निघत होती. निरीक्षण केलं.

अकोल्याला पोचले तेव्हा चंद्र वर येत होता. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. तीळ, खोबरं, तापलेलं तेल. वाटलं, वकिलांकडे. वकिलांचं घर मागे पडलं, वास वाढतच गेला.

आमच्या अंगणात गल्ली लोटली होती. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात भुलाबाई. मुली, त्यांच्या आया, बाबासुद्धा. चुलीवर दूध आटत होतं. आईचा पदर खोचलेला, चेहरा लालबुंद, आणि मी महिनाभरात पाहिली नव्हती इतकी ती हसत होती. मी फाटकात उभी राहिले आणि गाणं मधेच थांबलं.

चंद्रकला सिंधूवर कडाडली, "तू त म्हनली होती, ताई घरी नसन! म्हनून त आमी आलो!"

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे दसऱ्यापासूनचा एकेक प्रकार माझ्या डोक्यात जागेवर बसला. मुलींनी अट घातली होती. अट मी होते.

मी परत फिरणार होते. खरंच फिरणार होते. पण आत्या म्हणाली, "उभी काहून हायेस? महिनाभर पोरीहीले छळलं, आता तू ओळख. बस रिंगनात."

मला मध्ये बसवलं. चंद्रकलाने पहिला डबा कानाशी हलवला. खुळखुळ वाजला. किती दिवसांनी आमच्या घरचा डबा वाजला! मी म्हटलं, कानवले. ओल्या खोबऱ्याचे नाहीत, तिळाचे. परीक्षेच्या वर्षी आईने देवमनकाकांच्या गाडीतून होस्टेलवर पाठवले होते, ते पिशवीतही असेच वाजत होते. बरोबर! दुसरा डबा : गूळ घातलेल्या दशम्या. बरोबर! बाबा बदलीच्या गावी निघाले की हेच फडक्यात असायचं. शेवया, अनारसे, खारोड्या. मी न थांबता सांगत गेले. मुली ओरडत होत्या, बाबा टाळ्या वाजवत होते, मला नाव सुचायच्या आधी तोंडाला पाणी सुटत होतं.

शेवटचा डबा. हुंगायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, सांभारवडी!

चंद्रकला गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "चूक. कोथिंबीरवडी."

अंगण कोसळलं. आत्या हसता हसता मांडवाच्या धांड्याला लटकली. मी आईकडे दाद मागितली. आई म्हणाली, "तूच शिकवलं नं बाई." मी हरले. हरल्याबद्दल मला वड्या वाढल्या. कुरकुरीत, आत गच्च सांभार. किती खाल्ल्या ते लिहिण्यात अर्थ नाही.

व्याख्यानाचं कुणी विचारलं नाही. तोंड भरलेलं असल्यामुळे मलाही आठवण करून देता आली नाही. मुळ्याची कोशिंबीर कुणी केलीच नव्हती.

सगळे गेल्यावर सिंधू माझ्या अंथरुणात शिरली. हाताला तुपाचा वास. गळ्यात हात टाकून म्हणाली, अशी कोजागिरी गल्लीत कधीच झाली नव्हती, सगळ्या पोरी म्हणतात, पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच. मग जरा वेळाने, झोपेत जाता जाता, फार मायेने विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी तू कोन्या गावाले जाशीन?"

एवढीशी पोर, पण तिला माझ्या भवितव्याची आत्तापासून काळजी आहे.