माझ्या टोमॅटोंची बातमी शेजारच्या गॅलरीत

मंगळवार, दि. १४
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं (गुन्ह्याची वेळ)

चिरंजीव शास्त्रज्ञ भाच्यास,

मावशीचे आशीर्वाद. तुझा खोकला थांबला असेल; नसेल तर निदान स्वतःच्या प्रयोगशाळेतलं काही घेऊ नकोस. मी बरी आहे. माझी टोमॅटोची सहा झाडं बरी नाहीत, आणि शनिवारी तुझी आई ती बघायला येते आहे. बी ताईनंच दिलं होतं. "तुझ्या हातून काही उगवायचं नाही," हे मला ऐकवणंही तिनं त्याच पुडीबरोबर दिलं होतं. त्यामुळे झाडं लगडली आहेत असं मी तिला फोनवर सांगून बसले आहे.

वर लिहिलेल्या वेळी शेजारीण वाडगाभर लालबुंद टोमॅटो घेऊन दारात उभी राहिली. "तुमच्याकडे यंदा धरले नाहीत ना," असं म्हणाली. मी आभार मानले (सिस्टरांच्या शाळेत आधी तेच शिकवत), दार लावलं आणि पत्र लिहायला बसले.

अळ्या दिसल्या तेव्हा मी फवारणीच करणार होते. अडवलंस तू. म्हणालास, अळीनं पान कुरतडलं की झाड हवेत विशिष्ट वास सोडतं. तो ओळखून शेजारची झाडं आपली पानं अळीला पचणार नाहीत अशी करतात, आणि त्याच वासावर बारीक गांधीलमाश्या अळ्यांचा समाचार घ्यायला येतात. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली. निरोप रेंगाळलेला मला खपत नाही. अळी सावकाश खाणार, मग झाड कळवणार, एवढा वेळ कुणाला आहे? मी रोज साडेसातला पहिल्या झाडाची चार पानं हातानं फाडू लागले, म्हणजे उरलेल्या पाचांना वेळेवर समजेल.

ती पाची ढिम्म. वारा मात्र सगळा शेजारणीच्या गॅलरीकडे, मधे फक्त जाळी. माझं झाड बोंब मारतंय आणि तिची झाडं फुकटात ऐकून कंबर कसताहेत. एक्स्चेंजमध्ये चोरून ऐकणाऱ्या ऑपरेटर मुलींना मी मेमो देत असे. इथे त्यांना टोमॅटो लागतात.

गांधीलमाशीही एक दिसेल तर शपथ. उलट अळ्यांच्याच पाठीवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी पिल्लं आली. माझ्या जिवावर वंश वाढवताहेत म्हणून मी भुवयांच्या चिमट्यानं एकेक वेचून नळाखाली सोडलं. चार दिवस. चष्मा लावून.

तरी तुझं शास्त्र चुकलं, हे लेखी कबूल करावंस.

तुझी मावशी
(निवृत्त पर्यवेक्षिका)

ता.क. तू पाठवलेलं माहितीपत्रक आत्ता उघडलं. पान तीनवर त्या पांढऱ्या कण्यांचा फोटो आहे. ते गांधीलमाश्यांचे कोष असतात, असं खाली लिहिलंय. फार बारीक छापता तुम्ही लोक.

आणखी ता.क. कबुली राहू दे. त्याऐवजी संस्थेच्या कागदावर एवढंच लिही, की ही सहा झाडं संशोधनासाठी मुद्दाम अळ्यांना खाऊ दिली आणि देखरेख माझी होती. तू शास्त्रज्ञ आहेस हे तुझ्या आईला अजून पुरतं पटलेलं नाही, तेव्हा शिक्का ठळक उमटव. ती शनिवारी सकाळी पोचते. उत्तर लेखी, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.