साहेबाच्या टोपीत ज्वारी

८ डिसेंबर १९५९, अमरावती

लागली! नोकरी लागली! तात्पुरती आहे, पण लागली. परदेशातून एक साहेब आलेत, एल्डन नावाचे. तीन वर्षं त्यांच्या देशानं आपल्या खेड्यांत मदत ओतली – शाळेत दूध, विहिरीवर इंजिन, घरोघरी विलायती कोंबड्या, गावात नर्सबाई. आता त्यानं गरिबी कितपत हटली ते बघायचं. साहेबांना मराठी येत नाही, गरिबांना इंग्रजी येत नाही. मधे मी. दुभाषा!

अण्णांना सांगितलं. पोथीतून डोकंही वर न काढता म्हणाले, "म्हणजे इकडचं गाऱ्हाणं तिकडे पोचवायचं अन् तिकडचं उत्तर इकडे. जन्मभर मी दुसरं काय करून राहिलो? फक्त माझा साहेब दिसत नाही." आई पदर तोंडाला लावून हसली. माझ्या बी.ए.ची या घरात किंमत एवढीच.

पण अण्णांशी करार झालाय, आईच्या साक्षीनं. साहेबांनी शिफारसपत्र दिलं तर नागपूरच्या कचेरीत कायमची जागा. नाही दिलं तर संक्रांतीपासून अण्णांचं जोशीपण माझ्या गळ्यात – पंचांग, झोळी, आणि खळ्याच्या दिवसांत दर्यापूरकडच्या गावांत दारोदार ज्वारी मागत फिरायचं. त्यापेक्षा मी साहेबांचे बूट पुसेन!

११ डिसेंबर

साहेब ताडमाड. जीपमध्ये बसले की गुडघे कानाला लागतात. संत्रं सालीसकट खायला निघाले होते, मी वाचवलं. प्रश्नांचा हा एवढा भारा आणलाय. पहिलाच – 'तीन वर्षांपूर्वीपेक्षा आपली परिस्थिती सुधारली आहे काय?' आरशासमोर उभा राहून चांगला घोटला. आईला वाटलं, मुंजीचा मंत्र म्हणतोय.

१४ डिसेंबर, दर्यापूर

घात! चिठ्ठ्या टाकून जे गाव निघालं ते बोरखेडी! आजोबांपासून जिथलं जोशीपण आमचं, तेच! म्हटलं, साहेब, शेजारचं गाव जास्त गरीब आहे हो. म्हणाले, चिठ्ठी दिल्लीत निघाली, बदलता येत नाही.

कॉलेजात गेल्यापासून मी तिकडे फिरकलेलो नाही. उद्या पॅन्ट घालीन, भांग दुसरीकडे पाडीन. कोण ओळखतंय!

१५ डिसेंबर

ओळखलं. पहिल्याच दारात.

दार पंचफुलाबाईचं. वांगी-मिरच्या लावते, दर्यापूरच्या बाजारात विकते. मी खणखणीत सुरुवात केली, "आपली परिस्थिती–" तिनं मला खालून वर न्याहाळलं. "केशवभटाचा हरिहर ना तू? बाप काहून नाई आला औंदा?" म्हटलं, गुडघे धरलेत. ती आत गेली आणि सूपभर ज्वारी घेऊन आली. खळं नुकतंच उरकलेलं, जोशाचा मुलगा दारात – सूप येणारच की! माझ्याकडे झोळी नव्हती. मी मागे सरकलो, तशी तिची नजर साहेबांवर गेली. "अन् हा लंबा कोन? याले बी द्याचं का?"

मी नाही म्हणेपर्यंत साहेबांनी, बिचाऱ्यांनी, बाईमाणूस बोलतंय म्हणून टोपी काढून पुढे धरली होती. पडली तीत ज्वारी!

साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी हे गाव अर्धपोटी होतं. आज अनोळखी माणसाला धान्य देतंय!" उभ्या उभ्या लिहून घेतलं. मग पुढचं दार, त्याच्या पुढचं दार. संध्याकाळी जीपमध्ये अर्धं पोतं. "का देतात हे लोक?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आनंदानं. खोटं नव्हतं. अर्धं होतं.

१६ डिसेंबर

बोरखेडीत रामराज्य आहे! एका दारी नत्थुजींना विचारलं, काही अडचण? "छे! समदं बेस हाय." दुखणं-खुपणं? "नाव नोका घेऊ." मागे त्यांची बायको खोकत होती, तिच्याकडे त्यांनी असे डोळे वटारले की तिनं खोकला गिळला.

कोंबड्या मात्र एकाही घरी दिसत नाहीत. साहेब म्हणाले, विकल्या असणार, म्हणजे व्यापार सुरू झाला! तेवढ्यात नत्थुजींच्या कणगीतून 'कुकूच कू'. नत्थुजींनी कणगीवर घोंगडी टाकली आणि आम्हाला जोरात राम राम घातला. साहेबांना वाटलं, इकडे निरोप असाच देतात.

१७ डिसेंबर

इंजिन विहिरीवर नाही. पाणी खारं – पिकाला दिलं की पीक पिवळं. म्हणून पाटील खुशालरावांनी त्यावर पिठाची गिरणी बसवली. साहेबांनी लिहिलं, 'ग्रामोद्योग'. या माणसाला वाईट दिसतच नाही!

१९ डिसेंबर

पत्र! माझं शिफारसपत्र! वाचून दाखवलं. 'श्री. हरिहर जोशी हे अत्यंत तल्लख–' पुढचं ऐकूच आलं नाही. नागपूर! झोळी गेली खड्ड्यात!

मग साहेब हात चोळत म्हणाले, बोरखेडी आता स्वतःच्या पायांवर उभी आहे. एप्रिलपासून दूध आणि नर्सबाई दुसऱ्या, खरोखर गरीब गावाला देऊ.

नर्सबाई म्हणजे जयवंता. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, घोड्यासारखी चालते, पाटलालाही दटावते. ती आल्यापासून बोरखेडीत एक बाळंतीण दगावलेली नाही. आणि पंचफुलाबाईच्या सुनेचे दिवस वैशाखात भरतात.

सायंकाळी पंचफुलाबाईला मळ्यात गाठलं. अहो, सगळं बेस म्हणून का सांगितलंत? मिरच्या तोडता तोडता म्हणाली, "जोशाच्या पोरासमोर दुसरं काय सांगाचं? मांगं बैल मेला म्हून रडली, तं तुह्या बापानं शनी काढला. शांतीले बैलाइतकाच खर्च आला! तवापासून गावानं ठरवलं – जोशी आला का बेस हाय म्हनाचं." आणि कोंबड्या? "तुमच्यासमोर कोंबड्या नाचवाच्या का, बाप्पा! भटजीचा काई मान हाय का नाई?"

म्हणजे साहेबांचं सगळं रामराज्य माझ्यामुळे. मी मळ्याच्या बांधावरच बसलो.

२० डिसेंबर, अमरावती

रविवार म्हणून घरी. अण्णांना सांगितलं. आधी खूप हसले, टोपीतल्या ज्वारीला तर ठसका लागेपर्यंत. मग पोथी मिटली. "तीस वर्षं विचारत आलो, कसं काय चाललंय? म्हणायचे, भटजी, तुमच्या पुण्याईनं बेस. मला वाटे, खरंच आपल्या–" जेवलेही कमी. उगाच सांगितलं.

गप्प बसलो तर नागपूर. बोललो तर झोळी. सरळ आहे. मग झोप का येत नाही? पंचफुलाबाईची सून माझी कोण लागते? आईला विचारलं, काय करू? म्हणाली, "तुला ठाऊक आहे. मला काहून विचारतोस?" अशा वेळी आईचा राग येतो.

२२ डिसेंबर, दर्यापूर

सांगून टाकलं. इंग्रजीतून शनी समजावणं म्हणजे – साहेबांना वाटलं, गावात कोणी सावकार आहे. कळल्यावर प्रश्नांचा भारा मिटून बाजूला ठेवला. मग, "म्हणजे मी दूध मोजायला आलो आणि शनी मोजून चाललो?" हो म्हटलं. "आणि टोपीतली ज्वारी?" ते आमचं वर्षाचं येणं, साहेब. ते लालबुंद झाले, मग असे हसले की डाकबंगल्याचा खानसामा धावत आला.

पत्र फाडलं नाही. घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. फाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

उद्यापासून पुन्हा सगळी घरं. जयवंताला कामापुरतं इंग्रजी येतं, ती दुभाषी. मी गावाबाहेर जीपमध्ये बसायचं. कोणाला दिसायचं नाही!

२३ डिसेंबर

जीपमध्ये.

२४ डिसेंबर

जीपमध्ये. गावाला कंठ फुटलाय. जिथे तिथे गाऱ्हाणी. नत्थुजींचा आवाज इथवर येतो – "खोक वो, साहेबाले दाखव, जोरानं खोक!" कोंबड्या कणग्यांतून बाहेर पडल्या. एक येऊन माझ्या मांडीशी बसली. तिला तरी माझा मान राखायचा नव्हता.

जयवंता पाणी प्यायला आली. म्हणाली, "तुमी बसा इथंच. लय काम होऊन राहिलं." काय हे सर्टिफिकेट!

२६ डिसेंबर

निकाल लागला. इंजिन वाया – गिरणीत पाटलाचं दळण आधी, बाकीच्यांचं उरल्या वेळात. कोंबड्या बऱ्याचशा रोगानं गेल्या. पण शाळेतल्या मुलांनी दुधानं खरंच अंग धरलंय. आणि पंचफुलाबाई साहेबांपुढे हात जोडून उभी राहिली म्हणे. "इंजिन न्या, कोंबड्या न्या, पाह्यजे तं मले न्या. या बाईले नेऊ नोका." ते इंग्रजीत सांगायची पाळी जयवंतावरच आली आणि तिला सांगवेना. साहेबांना तसंच कळलं.

दूध राहणार, नर्सबाई राहणार. इतका आनंद झाला की आपलं काय झालं ते क्षणभर विसरलो.

आपलं असं झालं – साहेबांनी दोन्ही हातांनी हात दाबला. म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक आहात, जोशी. पण तुमच्यापुढे कोणी खरं बोलत नाही. या खात्यात तुमचं कसं होणार?" पत्र खिशातच राहिलं. ज्याच्यापुढे कोणी खरं बोलत नाही असा माणूस कोणत्या धंद्याला चालतो? आमच्याच.

१३ जानेवारी १९६०, अमरावती

करार म्हणजे करार. आईनं झोळी धुऊन वाळत घातलीय. मी त्या झोळीकडे बघत नाही. अण्णा मात्र भल्या सकाळी गुडघ्यांना तेल चोळून दर्यापूरच्या बसनं गेले. कुठे? का? काही बोलले नाहीत. पंचांगही घरीच विसरले.

१४ जानेवारी

अण्णा आज दुपारी परतले. बोरखेडीला मुक्काम केला होता. म्हणाले, "पंचांग मुद्दाम ठेवून गेलो. म्हटलं, आज शनी नाही, शांती नाही. खरं सांगा." सांगितलं लोकांनी. पंचफुलाबाई म्हणाली, "तुमचं सूप भरलं का घरात आमी फुटक्या ज्वारीच्या कन्या शिजवतो, भटजी. पन दारातून रिकामं कसं धाडाचं?" अण्णांनी पारावर सगळ्यांसमोर जोशीपण सोडलं. आता बोरखेडीचं सूप बंद. बाकीच्या गावांनाही तसंच कळवणार आहेत.

मला जे हवं होतं तेच झालं, आणि मला रडू फुटलं.

अण्णा पायरीवर बसून होते. तिळगूळ हातात तसाच. म्हणाले, "हरिहर, त्या साहेबाकडे म्हाताऱ्या माणसाजोगं काही काम असेल का रे?"