दहावीचं बीजगणित आणि आमचं ट्रेडल

३ जानेवारी १९८५, सकाळी
नव्या वर्षाचा निश्चय, जरा उशिरा: राग बंद. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं भय घातलंय. तसा मी मूळचा शांत.

मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मालिनीबाई आल्या. दहावीच्या बीजगणिताच्या नोट्स परीक्षेआधी छापून हव्यात. बाकीच्या छापखान्यांनी नाही म्हटलं. घाबरट मेले. आम्ही लग्नपत्रिका छापतो, नमनाच्या खेळांची हँडबिलं छापतो. समीकरण म्हणजे तरी काय? पत्रिकाच. दोन बाजू, मधे बरोबरचं चिन्ह. हो म्हणून टाकलं. गणित माझा विषय. सातवीत नापास झालो तो तपासणाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे.

दुपारी
मुलाला, भास्करला, ट्रेडल भंगारात देऊन त्या जागी झेरॉक्स मशीन बसवायचं आहे. म्हणाला, "अण्णा, हे काम वेळेत आणि नीट झालं तर ट्रेडल राहील. नाहीतर तुम्ही आडवं यायचं नाही." शब्द दिला. पायाने चालवायचं हे छपाईचं मशीन माझ्या लग्नाच्या वर्षी बसवलं. तेव्हा घरात आलेल्या दोघांत त्याचाच आवाज कमी. त्याला भंगार म्हणतो शिंचा!

हातोडा फेकला. लाकडी होता. एकदाच फेकला.

५ जानेवारी
अडचण किरकोळ. इंग्रजी एक्स अक्षराचे शिशाचे खिळे कमी पडतात. आजवर एक्स लागला तो एक्स-रेवाल्या डॉक्टरच्या जाहिरातीपुरता. बीजगणितात ओळीओळीला एक्स. उपाय लगेच सुचला: गुणाकाराची फुली घालायची. दिसायला सख्खे भाऊ.

बाबल्या, आमचा खिळे जुळवणारा, सावर्ड्याचा. म्हणतो, "अण्णानू, एक्स गुणिले एक्स आला तर तीन फुल्या लागोपाठ. पोरींस वाटंल, बाईंनी उत्तर चूक दिलानीत." मी शांतपणे त्याच्या दिशेने पितळी पट्टी भिरकावली. कॅलेंडरला लागली. फेब्रुवारी फाटला. जानेवारी शाबूत आहे, म्हणजे वेळ आहे.

८ जानेवारी
अपूर्णांक. वर आकडा, मधे रेघ, खाली आकडा. हे तिघं एका ओळीत राहायला तयार नाहीत. वरचा घट्ट केला की खालचा निसटतो. दोऱ्याने आवळले. रेघ वाकडी झाली. शेवटी हातोड्याने ठोकून बसवायला गेलो तर अख्खं पान उसळलं. खिळे छपरापर्यंत. एक बाबल्याच्या कपाळात रुतला, एक माझ्या चहात.

बाबल्याच्या कपाळावर सुलट चार उमटला. आरशात उलटा दिसत असणार. हे मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात त्याने शाईचा डबा माझ्या धोतरावर ओतला आणि म्हणाला, "ह्यो घ्या तुमच्या चाराचा वर्ग. मी चाललो गावाक." गेला. बरं झालं. जुळवायला एक माणूस पुरतो, आणि तो मी.

११ जानेवारी
मालिनीबाईंना प्रूफ दाखवलं. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला. मी समजलो, भारावल्या. मग म्हणाल्या, "काका, हे अपूर्णांक आहेत की एसटीचा अपघात?" बाई हुशार, पण तोंडाच्या फटकळ. वर्गाचा बारीक दोन वर बसत नाही म्हणून मी शेजारी मोठाच दोन लावला होता. तोही त्यांना चालेना. "आणि काका, वर्गमूळ कुठंय?" येतंय म्हटलं. त्यांनी विचारलं, मुंबईहून? मी हो म्हटलं. खोटं नाही. मला मुंबईहून आणल्यासारखंच करायचं आहे.

निश्चय: राग बंदच. त्या गेल्यावर दाराला लाथ घातली, ती रागाने नव्हे. दार अडकतं.

१२ जानेवारी
दाराची बिजागरी त्या लाथेने निसटलीच होती. पितळी, जुन्या काळची. तिच्यातून वर्गमूळ कापायला घेतलं. एक शेंडी, एक नाक, वर लांब छप्पर. कानस मारताना अंगठा सोलला. मग हातोडा अंगठ्यावर. मग मी हातोडा भिंतीवर. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "भिंतीचं काय चुकलं ते तरी सांगा तिला." दार आता उभं राहत नाही. टेकवून ठेवलंय.

१४ जानेवारी, संक्रांत
भास्करला तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं. तो गोड आवाजातच म्हणाला, "अण्णा, झेरॉक्सवाल्याचा माणूस पुढच्या सोमवारी जागा मापायला येतोय." मी हातातला लाडू मारला. हिचा पाक यंदा पुढे गेला होता. लाडू ट्यूबलाइटला लागला. ट्यूब फुटली, लाडू नाही. भास्कर केसांतल्या काचा काढत बसला आणि हसायला लागला. त्याचं हसणं मला अजिबात आवडलं नाही. मेल्या, म्हटलं, सोमवारच्या आत पहिलं पान तुझ्या तोंडावर मारतो.

१८ जानेवारी, सकाळी
वर्गमूळ तयार. देखणं झालंय. ओळीत उभं केलं. बाकीच्या खिळ्यांपेक्षा थोडं उंच आहे. उंच खिळा मशीनच्या कागद दाबणाऱ्या पाट्याला आधी टेकतो, सगळा दाब एकटा खातो, हे मला शिकवायला नको. जन्म गेला यात. पण पुन्हा कानस घेतली तर अंगठा उरणार नाही. शिवाय दाबाने बसेल. माणसं बसतात, हे तर पितळ.

दुपारी
पहिल्या पायाला मशीन अडखळलं. तेल कमी असेल. तेल घातलं. दुसऱ्यांदा अडलं. तेव्हा मात्र मी दोन्ही हातांनी चाक धरलं, वडिलांची आठवण काढली आणि सगळा राग पायात उतरवला.

आवाज सबंध आळीत गेला. पाटा मधून दुभंगला. अर्धा माझ्या डाव्या पावलावर. ओतीव लोखंड, सांधता येत नाही. बाजारातले दोन लोहार येऊन मान हलवून गेले.

वर्गमुळाला ओरखडासुद्धा नाही. कागद फाडून पलीकडे गेलं होतं.

भास्करने पाऊल बांधलं. बोलला असता तर मारता आलं असतं.

२१ जानेवारी, सोमवार
भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली. चाक फुटेना. अंदाधुंद मारत होती, नुसत्या ठिणग्या. मला बघवेना. लंगडत गेलो, चाकाचा आरा आसाला जिथे मिळतो ती जागा दाखवली. तिथे मारा, म्हटलं. एका घावात सुटलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "म्हाताऱ्याला माहितेय."

मालिनीबाई भेटायला आल्या. नोट्स हाताने लिहून काढल्यात, सुरेख अक्षर. भास्कर नव्या मशीनवर प्रती काढून देणार. माझ्या पायावरचं फडकं बघून म्हणाल्या, "काका, चूक माझीच. मी आग्रह केला." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

३० जानेवारी, संध्याकाळी
झेरॉक्स आलं. भास्कर म्हणाला, "अण्णा, तुम्ही इथे खुर्चीत बसा. गिऱ्हाइकाशी बोला. फक्त कशाला हात लावू नका." भांडणार होतो. दम लागला.

दिवसभर बसलो. राग अजिबात आला नाही. डॉक्टर खूश होतील. फक्त उजवा पाय आपोआप वरखाली होत राहतो. हिने विचारलं, थंडी वाजतेय का?

हो म्हटलं.